सतराव्या लॉटचे अकरा रेडिओ

दाताचे डॉक्टर अकरा खोकी घेऊन आले तेव्हा कॉइलबाई नुकती कुठे आडवी झाली होती. दुपारचे अडीच वाजले होते. सकाळपासून एका जुन्या टेबल रेडिओच्या डायलची दोरी बसवता बसवता तिच्या पाठीचा पार काटा ढिला झाला होता, आणि दोरी एकदाची बसली तर काटा उलटा फिरायला लागला. म्हणजे सगळं सोडायचं आणि पहिल्यापासून. ती त्या रेडिओला म्हणाली, "तू बस तिथंच, मी पडते जरा." पाठ टेकली न टेकली तोच दार वाजलं.

"जाऊबाई, बघता का कोण आलंय?" तिनं पडल्यापडल्या विचारलं.

"मला दिसत असतं तर बघितलं नसतं का?" बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं.

ती उठली. गुडघ्यांनी आपापलं म्हणणं मांडलं. दारात डॉक्टर घामाघूम उभे होते आणि त्यांच्यामागे जिन्यात खोक्यांची उतरंड लागली होती.

हे डॉक्टर जुने रेडिओ जमवायचे. व्हॉल्व्हचे मोठाले रेडिओ नव्हेत, त्यानंतरचे, ट्रान्झिस्टरवर चालणारे, लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या पेटीतले, टेबलावर ठेवायचे. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत तिन्ही भिंतींना रेडिओच रेडिओ होते. माणसं ते बघत बसतात आणि दुखणं विसरतात, असं त्यांचं म्हणणं. कॉइलबाईला ते कधी पटलं नाही, कारण तिची दाढ त्यांनीच काढली होती. पण माणूस चांगला होता. रेडिओ दुरुस्तीला आणला की घाई करायचा नाही, आणि तिला मावशी म्हणायचा. थोरल्या जाऊबाईंना मोठ्या मावशी.

"मावशी, लॉटरी लागली," डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "एका बंद पडलेल्या दुकानाच्या गोदामात सापडले. खोकीसुद्धा फोडलेली नाहीत. तुमच्याच कारखान्याचे. नंबर बघा नंबर."

तिनं चष्मा लावला आणि खोक्यावरचा शिक्का वाचला. सतरा. खालच्या खोक्यावरही सतरा.

"हा सतराचा लॉट कुणाकडेच नाही," डॉक्टर सांगत होते. "सगळा परत मागवून मोडून टाकला होता म्हणे. आमच्या जमवणाऱ्या मंडळींत याला फुटक्या कॉइलचा लॉट म्हणतात. कुण्या बाईनं कॉइलच वाईट गुंडाळल्या होत्या. म्हणून तर इतका दुर्मिळ."

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी जाऊबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या हातात चहाचा रिकामा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला, पण ठेवताना टेबलाचा अंदाज चुकला आणि कप कडेवरून कलंडला. फुटला नाही. 

"ठेवून जा," कॉइलबाई म्हणाली. "वेळ लागेल."

ती कुणी बाई म्हणजे कॉइलबाईच.

नाव तिला कारखान्यानं दिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली आणि सहा महिन्यांत थोरल्या जाऊबाईंनी तिला आपल्या कारखान्यात चिकटवली. रेडिओचा कारखाना. लांबच लांब हॉल, पाठ नसलेली स्टुलं, आणि त्यावर चाळीस बायका. तिला वाइंडिंगला बसवलं. रेडिओच्या आत बोटाच्या पेराएवढ्या पत्र्याच्या डब्या असतात, एका रेडिओत तीन. त्या डबीत केसासारख्या तारेचे वेढे असतात, तीच कॉइल. स्टेशनचा आवाज त्या वेढ्यांतून गाळून पुढे जातो. ते वेढे गुंडाळायचं काम तिचं. पायानं पॅडल मारायचं, बोटानं तार धरायची, तार तुटू द्यायची नाही आणि सैलही सोडायची नाही. मशीनवरचा वेढे मोजणारा काटा कायम बिघडलेला, म्हणून मोजायचं मनातल्या मनात. एकशे शेहेचाळीस. एकदा तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं की ही झोपेतसुद्धा मोजते आणि एकशे शेहेचाळीसला कूस बदलते.

बारा वर्षांत ती त्या विभागाची मुख्य झाली. हाताखाली चार मुली. कुणाची तार तुटली की "कॉइलबाईला बोलवा." पुढे तिचं खरं नाव पगाराच्या यादीतच काय ते राहिलं.

जाऊबाई टेस्टिंगला होत्या, म्हणजे शेवटच्या टेबलाला. तिथं काचेची केबिन होती. मीटर भिंतीवर उंच बसवलेले, त्यामुळे टेस्टिंगच्या बाईला उभं राहूनच काम करावं लागे. कानाला हेडफोन लावून त्या दिवसाला दोनशे रेडिओ ऐकायच्या. त्यांचा कान असा होता की मीटरच्या आधी त्यांना दोष कळायचा. नुसती मान हलवायच्या आणि रेडिओ बाजूला. धाकट्या जावेचा माल परत पाठवतानाही त्यांची मान तशीच हलायची. घरी एका ताटात जेवत असल्या तरी तिथं दयामाया नाही. कॉइलबाईला त्याचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

मग सतरावा लॉट आला. दुकानांत पोचून दोन महिने झाले असतील नसतील, रेडिओ परत यायला लागले. चालू केला की दहा मिनिटं बरा, मग खरखर, मग मुका. एका दिवसात तीनशे पेट्या येऊन पडल्या. आठवड्याभरानं नोटिस बोर्डावर तपासणीचा कागद लागला. दोष, कॉइल. विभाग, वाइंडिंग. खाली सही थोरल्या जाऊबाईंची.

कॉइलबाई आणि तिच्या चार मुली, पाचही जणींना त्याच दिवशी घरी पाठवलं.

आठ महिन्यांनी कारखानाच बंद पडला. नवरा समजूत घालायचा, "तशीही आठ महिन्यांनी घरीच बसली असतीस." पण सगळ्यांबरोबर घरी बसणं वेगळं आणि बोट दाखवून बसवलेलं वेगळं. शिवाय जिची सही होती ती बाई रोज सकाळी त्याच ओट्याशी शेजारी उभी. सहा वर्षं त्या ओट्यावर दोन स्टोव्ह होते, दोघींचे वेगळे. कॉइलबाई पुढे एका कपड्यांच्या कारखान्यात लागली, शर्टांना काजं करायला. पंधरा वर्षं तिनं काजं केली. सुईचं मशीन खटाखट चालायचं, आणि त्यात मोजण्यासारखं काहीच नव्हतं.

रेडिओ पुन्हा घरात आला तो शेजाऱ्यांमुळे. "तुम्ही रेडिओच्या कारखान्यात होता ना, बघा बरं जरा." तिनं सांगितलं की मला फक्त कॉइल येते. शेजारी म्हणाले, "मग कॉइलच बघा." तिनं मागचं झाकण उघडलं. आत धुळीचा थर आणि झाकणाला आतून चिकटवलेला नकाशा. कुठून काय कुठे जातं याच्या रेघा. तीन रविवार ती त्या रेघांवरून बोट फिरवत बसली. चौथ्या रविवारी रेडिओ बोलायला लागला, पण आवाजामागे एक बारीक शीळ राहिली. ती काही जाईना. तेव्हा तिनं बऱ्याच वर्षांनी जाऊबाईंना आपणहून काही विचारलं.

"ही शीळ कशाची?"

जाऊबाईंनी भाजी चिरता चिरता मान वर केली. दोन क्षण ऐकलं. "तिसरी डबी. तिचा पेच अर्धा फेरा मागे घे. लोखंडी पेचकस लावू नकोस, प्लास्टिकचा लाव."

शीळ गेली. दोघींत संवाद सुरू झाला तो असा, आणि पुढे कित्येक वर्षं त्यात रेडिओखेरीज दुसरा विषय आला नाही. मधल्या काळात दोघींचे नवरे गेले. जाऊबाईंना मूल नव्हतं. कॉइलबाईची लेक लग्न करून लांब गेली. घरात दोन म्हाताऱ्या उरल्या, एकीचे डोळे मोतीबिंदूनं गेलेले आणि दुसरीची बोटं सांध्यांत सुजलेली. एक ऐकायची, दुसरी सोल्डर करायची. लोक म्हणायचे, काय छान जमलंय दोघींचं. जमलं होतं म्हणजे काय, दुसरं कोण होतं?

आणि कॉइलबाई रेडिओ जमवायला लागली. दुसऱ्या कुणाचे नाही, त्याच कारखान्याचे. भंगारवाल्यांकडून, माळ्यांवरून, मोडक्या घरांतून. पलंगाखाली, कपाटावर, न्हाणीघराच्या पोटमाळ्यावर मिळून चौतीस झाले. लेक फोनवर म्हणायची, "आई, एक तर म्युझियम काढ नाहीतर टेम्पो बोलाव." तिला त्या पेट्यांचं फार प्रेम होतं असंही नव्हे. एखादा हाती आला की ती आधी झाकण काढायची, डब्यांकडे बघायची, मागचा शिक्का बघायची. सतरा नसायचा. मग ती तो दुरुस्त करून ठेवून द्यायची. काय शोधतेस असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

आता अकरा सतरे तिच्या खोलीत भिंतीशी रचलेले होते.

दोन दिवस तिनं त्यांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला काढला. पांढरट प्लास्टिकची पेटी, कोपरे पिवळे पडलेले, पण बटणांवर बोटाचा ठसासुद्धा नाही. वायर लावली. दिवा लागला, स्पीकरमधून कुणीतरी बातम्या वाचायला लागलं, स्वच्छ. ती घड्याळाकडे बघत बसली. बाराव्या मिनिटाला तव्यावर मीठ टाकल्यासारखी तडतड झाली आणि आवाज बुडाला.

"दुसरी डबी," जाऊबाई खुर्चीतून म्हणाल्या. विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या.

डबी काढणं म्हणजे पाच पाय आणि दोन कान, सात ठिकाणचं सोल्डर वितळवून शोषून घ्यायचं. पूर्वी हे काम तिनं पाच मिनिटांत केलं असतं. आता अर्धा तास लागला, कारण अंगठा वाकत नव्हता आणि दर दोन मिनिटांनी हात झटकावा लागत होता. डबीचं पत्र्याचं टोपण निघालं. तिनं भिंग लावलं.

वेढे जसेच्या तसे होते. तांबूस, एकाला एक लागून. शेवटचं टोक पायाला अडीच वेळा गुंडाळलेलं आणि वर लाखेचा ठिपका. इतर मुली दीड वेढा घ्यायच्या, ती अडीच घ्यायची. म्हणजे ही तिच्याच हातची. मीटर लावलं. तार अखंड. मग तिनं डबी उलटी केली. बुडाशी, पायांच्या मधल्या खाचेत, एक बारका कंडेन्सर असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. तो कारखान्यात बनत नसे, बाहेरून तयार यायचा. तो काळा पडला होता आणि त्यावर बुरशीसारखी लव आली होती.

तिनं सुईनं तो दाणा टोकरून काढला, बोर्डाच्या खालच्या बाजूला नवीन कंडेन्सर लावला, डबी परत बसवली. रेडिओ लावून ठेवला. तो दुपारपर्यंत बोलत होता, संध्याकाळपर्यंत बोलत होता.

एकावरून काही ठरत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. दुसरा उघडला. मग तिसरा. दिवसाला फार तर एक, त्यापुढे डोळ्यांतून पाणी यायचं. मधे दोन दिवस मनगटाला पट्टी बांधून बसावं लागलं. लेकीचा फोन आला तेव्हा ती नुसतं "चाललंय" म्हणाली. अठरा दिवस लागले. अकरा रेडिओ, तेहेतीस डब्या. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती एकेकाची नोंद करत गेली. तेहेतिसांपैकी सव्वीस डब्यांमधला कंडेन्सर खराब होता. तुटलेली तार एकाही डबीत नव्हती.

अकरावा रेडिओ बंद करून तिनं हात धुतले आणि पलंगावर बसली. या क्षणाला छाती हलकी होईल असं तिला कधी काळी वाटत असे. कारखान्यातून आल्यावर पहिली काही वर्षं तर ती मनातल्या मनात भाषणंसुद्धा करायची, हॉलमध्ये सगळ्यांसमोर, सुपरवायझरच्या तोंडावर. आता तो हॉल नव्हता आणि सुपरवायझरही कधीच मातीआड झाला होता. तिला फक्त कंटाळा आला. खांद्यांपासून बोटांपर्यंत सगळीकडे पसरलेला कंटाळा. तिनं चहा टाकला, दोन कप भरले आणि बाहेरच्या खोलीत गेली.

"जाऊबाई, कॉइल चांगल्या होत्या."

"कुठल्या?"

"सतराव्या लॉटच्या. अकराच्या अकरा उघडले. तार कुठेच गेली नव्हती. डबीच्या बुडाशी तो कंडेन्सर असतो ना, बाहेरून यायचा तो, तो गेलाय. दमट हवा लागली की काळा पडत असणार."

जाऊबाईंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या तोंडावर होता आणि त्यांना तो उजेड आहे एवढंच कळत असावं.  खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"तीनशे बारा पेट्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी सकाळी सातपासून उभी होते. पायांची सूज चपलेच्या पट्ट्यातून वर आली होती. संध्याकाळी तो सुपरवायझर आला. म्हणाला, आवाज डबीत अडतोय ना, मग कॉइल लिहा. मी म्हटलं, डबी उघडून बघायला हवी. म्हणाला, बघा की, आणि गेला निघून. मी चिमटा घेतला होता हातात. टोपण काढायचं, भिंग लावायचं, दहा मिनिटांचं काम. मग ठेवला खाली."

"का?"

"दमले होते गं."

कॉइलबाई ऐकत राहिली. पुढे काहीतरी येईल म्हणून ती थांबली, पण पुढे काही नव्हतं.

सदतीस वर्षांत तिनं किती कारणं शोधली होती. सासूबाई धाकटीचं कौतुक करायच्या म्हणून. तिला मूल झालं, थोरलीला नाही, म्हणून. स्वतःची नोकरी वाचवायला. सुपरवायझरशी साटंलोटं म्हणून. प्रत्येक कारणासाठी तिच्याजवळ जोडीचं उत्तर तयार होतं, धार लावून ठेवलेलं. या कारणासाठी काहीच नव्हतं. आणि वाईट असं की ते तिला कळत होतं. मागच्याच महिन्यात एका माणसाचा रेडिओ तिनं शॉर्ट वेव्ह न तपासताच परत दिला होता. पाठ भरून आली होती म्हणून. तो बिचारा आभार मानून गेला.

तरी राग आलाच. उशिरा आला, पण आला.

"एक डबी, जाऊबाई. तीनशेत एक उघडायची होती."

"हो."

"पंधरा वर्षं मी काजं केली. त्या चार पोरी कुठे गेल्या कुणास ठाऊक."

"हो."

"नुसतं हो हो काय करता?"

"मग काय करू?" जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कारखाना बंद पडल्यावर मला रोज वाटायचं, आज विचारेल. तू विचारलंस ते त्या शिळेचं."

कॉइलबाई आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाक केला नाही. अंधार पडताना ओट्याशी भांड्यांचा आवाज आला. जाऊबाई चाचपडत चहा करत होत्या. लायटरच्या चार ठिणग्या, गॅसचा भस्सकन आवाज. उठावं, हात भाजेल, असं तिला वाटलं, पण अंग उठेना. थोड्या वेळानं पलंगाशी कप आला. साखर घालायची राहिली होती. ती तसाच प्यायली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर रेडिओ न्यायला आले. एकेक लावून बघितला आणि लहान मुलासारखे खूश झाले. अकरांपैकी दोन त्यांनी पेशंटांच्या खोलीत दारासमोरच ठेवायचं ठरवलं होतं, शेजारी माहितीचं कार्ड लावून. कार्डाचा मजकूर त्यांनी हातातल्या फोनमध्ये बघून वाचून दाखवला. त्यात सदोष वाइंडिंग हे शब्द होते.

कॉइलबाई वायर गुंडाळत होती. आपण आता बोलावं असं तिच्या मनात आलं आणि लगेच, काय करायचंय, असंही आलं. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"डॉक्टर, ते खोडा. कॉइल चांगल्या होत्या. बुडाचा कंडेन्सर वाईट होता. तपासणी करणाऱ्या बाईनं डबी उघडली नाही."

"असं? तुम्हाला कसं माहीत, मोठ्या मावशी?"

"ती बाई मीच."

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले. "मग कार्डावर काय लिहू?"

"जे झालं ते लिहा."

त्यांनी अंगठ्यानं फोनवर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "मावशी, या शेवटच्या सेटचं बटण बाकीच्यांपेक्षा जरा फिकं वाटतंय का हो?"

ते गेल्यावर खोली एकदम रिकामी दिसायला लागली. भिंतीशी खोक्यांचा चौकोनी डाग उमटला होता. कॉइलबाई केरसुणी घेऊन आली.

"परक्या माणसासमोर सांगायची काय गरज होती?"

"तुला एकटीला सांगितलं, त्यानंतर तू कुठे काही बोललीस?" जाऊबाई म्हणाल्या. "आठ दिवस झाले, नुसती भांडी आपटतेस."

हे खरं होतं. कॉइलबाई झाडत राहिली.

त्यानंतर तिनं लेकीकडून शोध करवून हाताखालच्या एका मुलीचा नंबर मिळवला. चौघींपैकी एक वारली होती, दोघींचा ठावठिकाणा लागला नाही. ही चौथी आता आजी झाली होती. कॉइलबाईनं श्वास घेऊन सगळं सांगितलं, लॉट, डब्या, कंडेन्सर, सव्वीस. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता.

"कुठला लॉट?" ती म्हणाली. "अगं, आपण संपात घरी बसलो होतो ना? मला तर इतकी वर्षं तसंच आठवतंय. मुलांनाही मी तेच सांगितलंय." मग ती हसली. "पण बरं झालं सांगितलंस हं. तुझे गुडघे कसे आहेत? माझा उजवा बदलायचा म्हणतायत." अर्धा तास दोघी गुडघ्यांवर बोलल्या. फोन ठेवल्यावर कॉइलबाईला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. पण ते पुसायला उठायचाही तिला आळस आला.

डॉक्टरांनी पुढच्या खेपेला सांगितलं की जमवणाऱ्या मंडळींत त्यांनी खरी गोष्ट मांडली, पण दोघातिघांनी वाद घातला. फुटक्या कॉइलचा लॉट हे नाव इतकं रुळलंय की आता बदलायचं नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. त्याच दिवशी तिनं पलंगाखालचे सगळे रेडिओ त्यांना देऊन टाकले. महिन्याला एकच काम घेईन, तेही घाईचं नसेल तर, असंही सांगितलं. पलंगाखाली झाडू पोचायला लागला, हा एक फायदा झाला.

आणि एक काम ती कैक दिवस पुढे ढकलत होती, ते उरकलं. जाऊबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आधी त्या तयारच नव्हत्या. "या वयात काय बघायचं राहिलंय?" म्हणाल्या. "भिंत," कॉइलबाई म्हणाली. "रोज तिला धडकता ती." मग तयार झाल्या.

सकाळी आठला नंबर लावला. लाकडी बाक, समोर पंखा, पंख्याचा वारा नेमका दुसऱ्या बाकाला. डोळ्यांत थेंब घालून नर्स गेली ती गेली. दहा वाजले, अकरा वाजले. आत डॉक्टर एक होते आणि बाहेर माणसं साठ. जाऊबाईंनी दोनदा विचारलं, "नंबर आला का?" तिनं दोनदा सांगितलं, "येईल." मग त्यांचा प्रश्न थांबला. मान हळूहळू कलली आणि कॉइलबाईच्या खांद्यावर येऊन टेकली. तोंड किंचित उघडं. त्या झोपल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना झोपलेलं तिनं इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. वजन फार नव्हतं, पण खांदा दुखराच होता, आणि थोड्या वेळानं हात कोपरापासून बधिर झाला.

दारात नर्स आली आणि नंबर पुकारला. त्यांचाच होता.

कॉइलबाईनं जाऊबाईंकडे बघितलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "तुम्ही जा आधी. आम्ही नंतर जाऊ."

"अहो, पण तुमचा नंबर गेला तर पुन्हा मागे..."

"जाऊ दे," ती म्हणाली. "झोपू दे त्यांना जरा."

ती बाई उठून आत गेली. बाकावर जागा झाली म्हणून कॉइलबाईनं पाय थोडे लांब केले, डोकं मागे भिंतीला टेकवलं आणि स्वतःही डोळे मिटले.